खाज सुटण्याआधीचे सहा आठवडे

अंथरुणात शिरून अंग जरा ऊबदार झालं, की खाज सुटते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, बेंबीभोवती, कमरेला. दिवसा जेमतेम जाणवणारी ही खाज रात्री झोपू देत नाही. काल काय खाल्लं, कुठला साबण वापरला, कुठल्या गादीवर बसलो, याची मनात उजळणी सुरू होते. पण ती चुकीच्या तारखेपासून सुरू झालेली असते. खरूज पहिल्यांदाच होत असेल, तर तिचा किडा अंगावर चढला त्याला बहुतेक वेळा चार ते सहा आठवडे होऊन गेलेले असतात. तेवढ्या काळात त्यानं त्वचेत बोगदे खणलेले असतात, अंडी घातलेली असतात, त्या अंड्यांतून निघालेली पुढची पिढी वयात येऊन स्वतः अंडी घालू लागलेली असते. आणि ज्याच्या अंगात हे सगळं चालू आहे, त्याला पत्ताच नसतो.

खरजेचं सगळं कोडं या उशिरात आहे. ती घरभर कशी पसरते, औषध लावूनही पुन्हा का उलटते, आणि डॉक्टर एका रुग्णाला तपासून औषध मात्र पाचजणांना का देतात, हे सगळं त्यावरूनच उलगडतं.

बोगदा खणणारी मादी

खरजेचा किडा हा खरं तर कीटक नाही. कोळी, विंचू आणि गोचीड यांच्या नात्यातला हा आठ पायांचा जीव. शास्त्रीय नाव सार्कोप्टिस स्केबिआय. मादी ०.३ ते ०.४५ मिलिमीटर लांब, म्हणजे खसखशीच्या दाण्याच्या निम्म्याहूनही कमी; नर तिच्याहून लहान. तिला डोळे नाहीत, पंख नाहीत, उडी मारता येत नाही. श्वसनासाठी वेगळी नळीही नाही. अंगावरच्या पातळ आवरणातूनच ती प्राणवायू घेते. ऊबदार त्वचेवर मिनिटाला अडीच सेंटिमीटरपर्यंत चालते. तापमान २० अंश सेल्सियसच्या खाली गेलं, की तिची हालचाल जवळपास थांबते.

तिचं मीलन आयुष्यात एकदाच होतं आणि तेवढं तिला जन्मभर पुरतं. त्यानंतर ती त्वचेवर फिरून जागा निवडते. लाळेनं त्वचा विरघळवत, पायांनी वाट काढत ती तासाभरात आत शिरते. खोल मात्र जात नाही. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात, जिथे मृत पेशी एकमेकींवर रचलेल्या असतात, तिथेच ती पृष्ठभागाला समांतर बोगदा खणू लागते. दिवसाला अर्धा ते पाच मिलिमीटर. ती रक्त शोषत नाही. विरघळलेल्या पेशी आणि तिथे झिरपणारा द्रव यांवर तिचं भागतं. वाटेत रोज दोन-तीन अंडी घालत आणि विष्ठा मागे टाकत ती पुढे सरकते. महिना-दोन महिन्यांचं तिचं आयुष्य या बोगद्यातच संपतं.

अंडं तीन-चार दिवसांत फुटतं. त्यातून बाहेर पडणाऱ्या पिल्लाला सहाच पाय असतात, उरलेले दोन पुढच्या अवस्थेत येतात. अंड्यापासून दहा ते चौदा दिवसांत किडा वयात येतो. सगळं अनुकूल असलं, तरी शंभरातली साधारण दहाच अंडी या टप्प्यापर्यंत पोचतात. हे आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत, कारण पुढे औषधाचं वेळापत्रक त्यांच्यावरच बेतलेलं दिसेल.

खाज सुटते ती आपल्याच शरीरामुळे

अंगभर उठलेले पुरळ पाहिले, की वाटतं शेकडो किडे असतील. नेहमीच्या खरजेत प्रौढ माणसाच्या अख्ख्या अंगावर सरासरी दहा-पंधराच किडे सापडतात. त्यांतले बरेचसे हातांवर आणि मनगटांवर. मग मांडीवर, पोटावर, पाठीवर उठणारं पुरळ कशाचं?

ते आपल्या शरीराच्या प्रतिकाराचं. किडा, त्याची लाळ, अंडी आणि विष्ठा यांतली प्रथिनं परकी आहेत हे रोगप्रतिकारक पेशींना ओळखावं लागतं. ही ओळख पटायला आठवडे लागतात. एकदा पटली, की त्या पेशी किडा जिथे आहे तिथेच नव्हे, जिथे नाही तिथेही दाह निर्माण करतात. म्हणून पुरळ खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर पुष्कळदा काहीच सापडत नाही. किडा असतो तो बोगद्याच्या टोकाशी. बोगदा म्हणजे काही मिलिमीटर लांबीची, करडी, नागमोडी रेघ. अनुभवी त्वचारोगतज्ज्ञ बोटांच्या बेचक्यांत आधी तीच शोधतात. डर्मोस्कोप नावाच्या भिंगातून पाहिलं, तर त्या रेघेच्या टोकाला एक गडद त्रिकोणी ठिपका दिसतो. तो किड्याचा पुढचा भाग.

दुसऱ्यांदा खरूज झाली, तर चित्र पालटतं. शरीर शत्रूला ओळखून असतं, त्यामुळे खाज एक ते चार दिवसांतच सुटते. रोग तोच, किडा तोच. फरक फक्त आपल्या स्मृतीचा.

आणि ही स्मृती कामाला आलीच नाही तर? १८४८ साली नॉर्वेत डॅनियलसन आणि बोक या दोघांनी कुष्ठरुग्णांमध्ये खरजेचा एक भयंकर प्रकार नोंदवला. त्वचेवर जाड खपल्या, आणि त्या खपल्यांत हजारो, कधी लाखो किडे. प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या, खूप वृद्ध, किंवा अंगाची संवेदना हरवल्यामुळे खाजवूच न शकणाऱ्या माणसांमध्ये हा प्रकार आजही आढळतो. यात खाज अनेकदा कमीच असते. ज्या खाजेला आपण शिव्या देतो, तिच्याच जोरावर शरीर किड्यांची संख्या दहा-पंधरावर रोखून धरत असतं, हे इथे उमगतं.

शांततावाद्यांची अंथरुणं

हे सगळं इतक्या नेमकेपणानं कळलं ते दुसऱ्या महायुद्धामुळे. ब्रिटनमध्ये सैनिकांत आणि नागरिकांत खरूज फैलावली होती. ती घोंगड्यांतून आणि कपड्यांतून पसरते अशी समजूत असल्यामुळे ते निर्जंतुक करण्यावर भारी श्रम आणि इंधन खर्च होत होतं. केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञानं हे पडताळून पाहायचं ठरवलं. त्याला स्वयंसेवक मिळाले ते युद्धात शस्त्र उचलायला नकार देणारे शांततावादी तरुण. १९४१मध्ये शेफील्डच्या एका घरात ते राहायला आले.

खरूज झालेल्या सैनिकांची न धुतलेली अंतर्वस्त्रं त्यांनी घातली. त्यांच्या घोंगड्यांत ते उघड्या अंगानं झोपले. आठवडे गेले, जवळजवळ कुणालाच खरूज झाली नाही. मग काहीजण प्रत्यक्ष रुग्णांसोबत एका अंथरुणात झोपले आणि तेव्हा ती लागली. लागल्यावरही बरेच दिवस त्यांना काही जाणवलं नाही. मेलनबी मात्र सुईनं किडे काढून मोजत होता, त्यामुळे किडे वाढताहेत आणि माणूस शांत झोपतोय, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. पुढे खाज सुटली ती असह्य. बरे झालेल्यांना पुन्हा लागण केली, तेव्हा खाज लगेच आली आणि किड्यांना पहिल्यासारखा जम बसवता आला नाही.

त्याचे निष्कर्ष आजही टिकून आहेत. नेहमीची खरूज मुख्यतः त्वचेला त्वचा बराच वेळ लागल्यानं पसरते: एका अंथरुणात झोपणारी भावंडं, बाळाला छातीशी धरणारी आई, जोडपी, अंगाला अंग लावून दाटीनं झोपणारी वसतिगृहातली मुलं. क्षणभराच्या हस्तांदोलनानं ती सहसा लागत नाही. अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. लाखो किड्यांचा खपल्यांचा प्रकार तेवढा याला अपवाद. त्यात कपडे आणि अंथरूणही धोक्याचे.

खरूज म्हणजे अस्वच्छतेचा रोग, हा समजही इथेच मोडतो. मादी त्वचेच्या आत असते. रोज दोनदा आंघोळ करणाऱ्याच्या अंगावरूनही ती धुऊन जात नाही. खरजेला हवी असते दाटी. एका खोलीत आठजण राहतात, तिथे साबणाचा दोष नसतो, जागेचा असतो.

सुई गरीब बायकांच्या हातात होती

खाज शरीराला उशिरा कळते, तशी खरूज वैद्यकालाही फार उशिरा कळली. १६८७ साली इटलीतल्या लिव्होर्नो बंदरात जिओव्हानी कोसिमो बोनोमो या वैद्यानं आणि दियाचिंतो चेस्तोनी या औषधविक्रेत्यानं एक साधी गोष्ट नीट पाहिली. गरीब बायका खरूज झालेल्या मुलांच्या त्वचेतून टाचणीनं काहीतरी बारीक काढून नखावर चिरडत. बंदरातले गुलामही एकमेकांना अशीच मदत करत. या दोघांनी ते ‘काहीतरी’ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि त्यांना चालता जीव दिसला. पुढे तर त्याच्या अंगातून अंडं बाहेर पडतानाही दिसलं.

बोनोमोनं हे सगळं पत्रानं फ्रान्चेस्को रेदी याला कळवलं. मांसातल्या अळ्या आपोआप होत नाहीत, माशीच्या अंड्यांतून होतात, हे प्रयोगानं दाखवणारा हाच तो रेदी. एका रोगाचं नेमकं कारण म्हणून सूक्ष्म जिवाकडे बोट दाखवण्याची ही पहिली वेळ मानली जाते. पाश्चर आणि कॉख यांचा काळ यायला अजून पावणेदोनशे वर्षं होती.

वैद्यकानं ते मानलं नाही. शरीरातले रस बिघडल्यामुळे त्वचेवर रोग उठतात, हा सिद्धान्त शतकानुशतकं चालत आलेला होता. त्यापुढे पोपचा वैद्य लान्चिसी यालाही किडा हे कारण पटलं नाही. आपल्याकडे पुरळ उठलं की ‘रक्त बिघडलंय’ म्हणून रक्तशुद्धीचं औषध आणलं जातं, ती समजूत याच जातीची.

१८१२ साली पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातल्या गालेस या औषधशास्त्रज्ञानं किडा सापडल्याचं सचित्र जाहीर केलं. इतरांना तो काही केल्या सापडेना. पुढे रास्पाय यानं दाखवून दिलं, की गालेसच्या चित्रातला जीव चीजवर होणारा किडा आहे. मग तर खरजेचा किडा ही दंतकथाच ठरली. अखेर १८३४ साली त्याच रुग्णालयात सिमों फ्रान्स्वा रेनुची या कॉर्सिकातून आलेल्या विद्यार्थ्यानं सगळ्यांसमोर सुईच्या टोकावर किडा काढून दाखवला. ही कला त्यानं आपल्या बेटावरच्या गरीब बायकांकडून पाहून घेतली होती. विद्वान मंडळी किडा पुरळाच्या पाण्यानं भरलेल्या फोडात शोधत होती. बायकांना ठाऊक होतं, की फोडापासून निघणाऱ्या रेघेच्या दुसऱ्या टोकाला तो बसलेला असतो. हे ज्ञान बोनोमोनं लिहून ठेवल्याला तोवर १४७ वर्षं झाली होती.

औषधापेक्षा तारीख महत्त्वाची

आज खरजेवर चांगली औषधं आहेत. शेवंतीच्या कुळातल्या पायरेथ्रम फुलांमध्ये कीटकांच्या मज्जातंतूंना लुळं पाडणारी द्रव्यं असतात. त्यांच्या धर्तीवर बनवलेलं परमेथ्रिन ५ टक्क्यांच्या मलमातून सर्वांत जास्त वापरलं जातं. बेंझिल बेंझोएट जुनं आणि अजूनही उपयोगी. गंधकाचं मलम तर त्याहून कितीतरी जुनं. तान्ह्या बाळांसाठी आणि गरोदर बायकांसाठी डॉक्टर आजही ते देतात. पोटातून घ्यायची गोळी म्हणजे आयव्हरमेक्टिन. ती वजनानुसार डॉक्टरांनीच ठरवायची. गरोदर बाईला आणि १५ किलोंपेक्षा कमी वजनाच्या मुलांना ती सहसा देत नाहीत.

तरीही खरूज उलटते, कारण वापरताना चूक होते. मलम खाजणाऱ्या जागीच लावलं जातं. लावायचं असतं मानेपासून तळपायापर्यंत सगळीकडे. बोटांच्या बेचक्यांत, नखं कापून नखांखाली, बेंबीत, जननेंद्रियांवर, नितंबांच्या घडीत. लहान बाळांना आणि वृद्धांना डॉक्टर डोक्यालाही लावायला सांगतात. रात्री लावून आठ ते चौदा तास ठेवायचं. मध्ये हात धुतले, तर हातांना पुन्हा लावायचं. एका प्रौढाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम मलम लागतं. एक ट्यूब पाचजणांत वाटली, तर कुणालाच पुरत नाही.

मग येते दुसरी तारीख. सात दिवसांनी औषध पुन्हा घ्यायचं असतं. पहिल्या वेळी मोठे किडे मरतात, पण अंड्यांवर भरवसा ठेवता येत नाही; आयव्हरमेक्टिन तर अंडी मारतच नाही. अंडी फुटायला तीन-चार दिवस लागतात आणि पिल्लू वयात यायला किमान दहा. म्हणजे आठव्या दिवशी उरलीसुरली अंडी फुटून गेलेली असतात, पण नव्या पिढीनं अजून एकही अंडं घातलेलं नसतं. हे दार थोडेच दिवस उघडं असतं.

पहिल्यांदा औषध घ्याल त्याच दिवशी, गेल्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, टॉवेल कडक गरम पाण्यात धुऊन चांगले वाळवायचे. धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवायचं. घरात फवारणी करायची गरज नसते.

आणि मग धीर धरायचा. किडे मेले, तरी त्यांचे अवशेष त्वचेत असतात. जुना थर झडून जाईपर्यंत, म्हणजे दोन ते चार आठवडे, खाज राहू शकते. उशिरा आलेली खाज जातेही उशिरा. इथे घाबरून लोक रोज मलम लावू लागतात आणि त्वचा आणखी पेटवून घेतात. त्याहून वाईट म्हणजे दुकानातून स्वतःच आणलेलं स्टिरॉइड मिसळलेलं मलम. त्यानं खाज दबते, पुरळाचं रूप बदलतं, निदान हुकतं, आणि किडा निवांत वाढतो. चार आठवड्यांनंतरही खाज असेल किंवा नव्या रेघा दिसल्या, तर पुन्हा डॉक्टर गाठावा.

दुर्लक्ष केल्यास मामला खाजेपुरता राहत नाही. नखांनी फुटलेल्या त्वचेत जंतू शिरून पू होतो. स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग झाला, तर काही आठवड्यांनी मुलांच्या मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. चेहरा सुजतो, लघवी गडद होते. किडा शरीराच्या प्रतिकारापासून बचावासाठी जी प्रथिनं सोडतो, ती या जंतूंनाही आडोसा देतात, असं प्रयोगशाळेत दिसून आलं आहे.

जपानची माती, फिजीची बेटं

आयव्हरमेक्टिनची मूळ कथा जपानमधली. सातोशी ओमुरा यानं कावाना इथल्या गोल्फच्या मैदानाजवळून उचललेल्या मातीत एक जिवाणू सापडला. त्यापासून अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी औषध घडवलं. या कामासाठी दोघांना २०१५चं नोबेल मिळालं. कृमी आणि किडे यांच्या मज्जापेशींमध्ये जी विशिष्ट द्वारं असतात, त्यांवर हे औषध काम करतं. माणसात ती द्वारं नाहीत, म्हणून योग्य मात्रेत ते आपल्याला सोसतं.

त्याच वर्षी फिजीच्या बेटांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे जवळपास दोन हजार लोकांचे तीन गट केले होते. पहिल्या गटात रुग्ण आणि त्यांच्या संपर्कातल्यांनाच नेहमीसारखे उपचार दिले, दुसऱ्यात सगळ्यांना परमेथ्रिन, तिसऱ्यात सगळ्यांना आयव्हरमेक्टिन. वर्षानंतर पहिल्या गटात खरजेचं प्रमाण ३६.६ टक्क्यांवरून १८.८वर आलं, दुसऱ्यात ४१.७वरून १५.८वर. तिसऱ्यात ते ३२.१वरून १.९ टक्क्यावर घसरलं. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेनं दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत खरजेचा समावेश केला. जगात कोणत्याही एका वेळी सुमारे २० कोटी लोकांना ती असते, असा संघटनेचा अंदाज आहे.

बेटावरचा हा धडा दोन खोल्यांच्या घराला आणि आश्रमशाळेच्या निजण्याच्या खोलीलाही लागू पडतो. ज्याला खाज सुटली आहे, तो औषध घेतोच. अडचण असते ती ‘मला काही होत नाही, मी कशाला लावू’ म्हणणाऱ्याची. कदाचित त्याच्या अंगावर किडा नसेलही. पण असेल, तर तो अजून त्या सहा आठवड्यांत आहे, आणि आठवा दिवस उलटून गेल्यावर बरं झालेल्या घराला खरूज पुन्हा देणारा तोच असतो. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बिनखाजेच्या माणसाचं नाव दिसलं, तर ते जास्तीचं समजू नये. मलम त्यानंही त्याच रात्री, तेवढंच, मानेपासून तळपायापर्यंत लावावं.